याकिसोबा

आमच्या पुणतांब्यास देवांची वाण नाहीं. गोदावरीच्या कांठीं चांगदेवांची समाधि आहे, अहल्याबाई होळकरांनीं बांधविलेला घाट आहे, आणि घाटावर व घाटामागें लहानमोठीं देवळें आहेत. शिवाय शिवेवरचा म्हसोबा, माळावरचा खंडोबा, धनगरांचा बिरोबा आणि सर्वांचा विठोबा ही 'बा'कारान्त दैवतांची नामावळि आमच्या बाजूच्या माणसास उपजतच पाठ असते. म्हणून गेल्या वैशाखांत माझी साडेपांच वर्षांची नात आमच्या जुन्या घराच्या स्वयंपाकघरांत "याकिसोबा!" म्हणून मोठ्यानें ओरडली, आणि माझ्या चौऱ्याऐंशीं वर्षांच्या आईनें हातांतलें उलथनें कढईंत सोडून कपाळाशीं हात जोडले, त्यांत आईचें कांहीं चुकलें असें मला वाटत नाहीं. "कुठला ग हा देव?" तिनें पणतीस विचारलें. "तुमच्या तिकडचा का?"

देव नव्हे, खाण्याचा पदार्थ. परंतु त्या एका शब्दावरून त्या संध्याकाळीं आमच्या घरांत जें घडलें तें मला अद्याप विसरतां आलेलें नाहीं, आणि दोष कोणाचा होता याविषयींहि मला शंका नाहीं. तो प्रसंग सांगण्यापूर्वीं थोडें मागें गेलें पाहिजे.

माझी कन्या व जांवई नोकरीनिमित्त योकोहामा येथें राहतात. नात तेथेंच जन्मली. घरीं ती आईबापांशीं मराठी बोलते, पण ती मराठी ओल्या फरशीवरून चालणाऱ्या मुलासारखी, एकेक पाऊल चांचपून टाकणारी. बालवाडी, सोबती, खेळ, भांडण, सारें जपानींत. यंदा जांवयांस रजा मिळाली नाहीं, म्हणून मायलेकी दोघीच महिनाभर आल्या होत्या. मी पुण्यास महाविद्यालयांत इंग्रजीचा अध्यापक. मलाहि उन्हाळ्याची सुटी. आईची दृष्टि अधू झाली आहे, आणि वर्षभरांत स्मरणशक्तीहि तिला दगा देऊं लागली आहे. सकाळचें संध्याकाळीं आठवत नाहीं. पन्नास वर्षांपूर्वींचें मात्र काल घडल्यासारखें सांगते. पणती येणार हें कळतांच तिनें माळ्यावरून शेवयांचा पाट काढविला.

हातशेवया आतां फारशा कोणी करीत नाहीं. पीठ नेऊन दिलें म्हणजे यंत्रांतून शेवया पडतात, आणि त्या एकसारख्या, सरळ व स्वस्तहि पडतात. परंतु आमच्या आईनें यंत्राच्या शेवईस शेवई म्हटलेलें मीं कधीं ऐकलें नाहीं; ती त्यांना "तारा" म्हणते. १९८३ नंतर पिवळ्या पुड्यांतली मॅगी आमच्या घरांत शिरली, तेव्हां तिनें तिचें नांव "इंग्रजी शेवया" असें ठेवलें, आणि धाकट्या भावाच्या मुलांना ती अजून त्याच नांवानें वाढते. नांवांविषयींचा काटेकोरपणा मला कोणाकडून आला हें वाचकांच्या ध्यानांत यावें म्हणून हें सांगून ठेवतों.

हातशेवयांचा खटाटोप मोठा असतो. आदल्या दिवशीं गहूं ओलवून फडक्यांत बांधून ठेवावयाचे, मग किंचित् सुकवून दळावयाचे, दळलेलें वस्त्रगाळ करून रवा व सपीट निराळें काढावयाचें, मिठाच्या पाण्यांत तें घट्ट भिजवून झांकून ठेवावयाचें, आणि पुढें तेलाच्या हातानें तें इतकें तिंबावयाचें कीं, ओढलें असतां तुटूं नये. मग पाटाचें एक टोक उंचावर व दुसरें खालीं असा तो उतरता मांडतात. वर बसलेली बाई पिठाचा गोळा तळव्याखालीं घासत घासत वळते. त्याची दोऱ्यासारखी शेवई उतरणीवरून खालीं येते. खालीं बसलेली ती हलकेंच ओढून, पदर करून आडव्या काठीवर वाळत घालते. वळणारीचा हात आणि ओढणारीचा हात यांची लय जमली नाहीं तर शेवई तुटते, आणि जमली म्हणजे मग दोघी बोलूं लागतात. आमच्या लहानपणीं गल्लींतल्या सासवांचीं, सुनांचीं व जांवयांचीं सर्व प्रकरणें या पाटावरच निकालांत निघत असत. ज्यांच्या बोटांत यापेक्षांहि अधिक चिकाटी असे त्या गव्हले, मालत्या, बोटवे, नखुले, फणुले वळीत. पीठ तेंच, आकार तेवढा निराळा, आणि आकारागणिक नांव निराळें. सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें आपल्या वैद्यकग्रंथांत दूधतुपांतल्या 'सेविके'चें वर्णन केलें आहे. म्हणजे या खटाटोपास चार शतकें तरी होऊन गेलीं. पण नखुल्यांना नांव देणारी बाई कोण होती, तिचा ग्रंथ कोठें नाहीं.

असो. तीन शेजारणी मदतीस आल्या, आणि वैशाखाच्या उन्हांत ओसरीवर काठ्याच काठ्या लागल्या. आईस खालीं नीट दिसत नव्हतें. पण तिचा तळवा पाटावरून असा फिरत होता कीं, डोळ्यांचें तेथें कांहीं कामच नव्हतें. नात दिवसभर काठ्यांच्या खालून वाकून जात येत होती. दुसऱ्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं आईनें त्यांतल्या थोड्या तुपावर भाजून घेतल्या, आणि खिरीऐवजीं तिखटमिठाच्या करावयाचें ठरविलें. पोरीस आवडतो म्हणून कन्येनें उभा चिरलेला कोबी व गाजर त्यांत घालण्यास दिलें. आईनें नाक मुरडलें, पण घातलें. लोखंडी कढई, लोखंडी उलथनें, खालीं चांगला जाळ. आणि तेवढ्यांत ती आरोळी.

आईचे जोडलेले हात पाहून आम्ही सारे हंसलों. तेथेंच मीं थांबलों असतों तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. पण तीन वर्षांपूर्वीं मी योकोहामास दोन महिने राहून आलों होतों, आणि अध्यापकास परदेशीं दोन महिने पुरेसे होतात. पुढें जन्मभर तो त्या देशाविषयीं बोलूं शकतो. मीं नातीस जवळ बसवून म्हटलें, "याकिसोबा नव्हे, बाळ. याला शेवया म्हणतात. म्हण पाहूं, शे-व-या. आणि खरें सांगायचें तर तुमच्या याकिसोब्यांत तरी सोबा कोठें असतो? सोबा म्हणजे एक निराळें धान्य. याकिसोबा होतो गव्हाचा. म्हणजे तें नांव तिकडेहि चुकीचेंच आहे." यानंतर मीं आणखी बरेंच बोललों असेन. माझें बोलणें संपलें तेव्हां तिनें पुढची बशी हळूच बाजूला सारली आणि म्हणाली, "नको." मग उठून आईच्या पाठीमागें जाऊन बसली. त्यानंतर दोन दिवस ती आमच्यापैकीं कोणाशीं मराठींत बोलली नाहीं. जें हवें तें आईच्या कानांत जपानींत सांगे.

आईनें त्या वेळीं फारसें कांहीं म्हटलें नाहीं. बशी उचलतांना एवढेंच म्हणाली, "तिला भूक लागली होती. तूं तिला धडा वाढलास."

हें वाक्य मला लागलें, त्यास एक जुनें कारण आहे. चाळीस वर्षांपूर्वीं मी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षांत असतांना दिवाळीच्या सुटींत घरीं आलों. पुणतांबें हें दौंड-मनमाड लोहमार्गावरचें ठाणें. गाडी उशिरा आली, आणि आई मला घेण्यासाठीं तेथें येऊन बसली होती. शेजारीं बसलेल्या कोणा बाईस ती कौतुकानें सांगत होती, "तिकडं पुण्याचं टेसन केवढं मोठं आहे, आमच्या बाळला विचारा." मीं ट्रंक खालीं ठेवतां ठेवतां सर्वांच्या देखत म्हटलें, "टेसन नव्हे ग आई, स्टेशन." दोघेतिघे हंसले. आईहि हंसली. त्यानंतर तो शब्द मीं तिच्या तोंडून ऐकला नाहीं. टेसनहि नाहीं आणि स्टेशनहि नाहीं. "गाडीपाशीं गेला होतास का," "रुळाच्या अलीकडे," असें ती म्हणे. ही गोष्ट माझ्या ध्यानांत येण्यास पंधरा वर्षें लागलीं, आणि ध्यानांत आल्यावर कांहीं करावें तर काय करावें हें सुचलें नाहीं.

यांतला विनोद असा कीं, याच विषयावर मी माझ्या विद्यार्थ्यांस तीस वर्षें व्याख्यान देत आलों आहें. परभाषेंतला शब्द दुसऱ्या भाषेंत शिरतांना आपलें जोडाक्षर उंबरठ्यावर ठेवून येतो. कोणी 'स'कार टाकून टेसन म्हणतो, कोणी पुढें 'इ'कार लावून इस्टेशन म्हणतो. खुद्द इंग्रजांनीं गुडघ्याच्या शब्दांतला पहिला 'क' लिहिण्यांत ठेवला आहे व उच्चारांतून केव्हांच टाकला आहे. हें सर्व भाषेच्या स्वभावास धरून आहे, त्यांत अशुद्ध असें कांहीं नाहीं, असें मी फळ्यावर लिहून दाखवितों. वर्गांत जो नियम तोच आईच्या तोंडीं दोष!

त्या रात्रीं झोंप येईना. माळवदावर अंथरुणांत पडल्या पडल्या मी स्वतःची बाजू स्वतःपुढेंच मांडूं लागलों. मीं सांगितलें त्यांत असत्य काय होतें? सोबा म्हणजे खरोखरच तें धान्य, ज्यास उत्तर हिंदुस्थानांत कुट्टू म्हणतात. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या तें गहूं-तांदळाच्या तृणकुलांतलेंहि नव्हे. आपल्या आंबट चुक्याच्या कुलांतलें. म्हणूनच तिकडे नवरात्राच्या उपवासास तें चालतें. त्याच्या पिठास गव्हासारखा चिवटपणा नसतो, त्यामुळें दोरे धरावेत म्हणून जपानी लोक बहुधा आठ भाग सोब्यास दोन भाग गव्हाचें पीठ मिसळतात. 'याकि' याचें मूळ असलेलें क्रियापद आमच्या भाजणें, शेकणें आणि तव्यावर परतणें या तिहींस पुरून उरतें. तेव्हां याकिसोबा याचा शब्दार्थ परतलेला कुट्टू. आणि प्रत्यक्ष पदार्थ पाहावा तर गव्हाच्या पिठाचे, क्षाराच्या पाण्यांत भिजविलेले चिनी धाटणीचे दोरे. त्यांत कोबी, डुकराचें मांस, वर वूस्टरच्या इंग्रजी सॉसच्या वंशांतलें एक काळसर आंबटगोड कालवण, आणि शेवटीं तांबड्या आल्याच्या काड्या व समुद्रशेवाळाची पूड. वूस्टरच्या मूळ सॉसमध्यें चिंच पडते, हें जातां जातां सांगावयास हरकत नाहीं. त्या सर्व थाटांत सोबा तेवढा औषधालाहि नाहीं.

असें झालें कसें? १८५९ सालीं योकोहामा बंदर परदेशी व्यापारास खुलें झालें, तेथें चिनी वस्ती वाढली, आणि चिनी खाणावळींतले गव्हाचे दोरे जपानी लोकांच्या दृष्टीस पडले. त्यांच्याजवळ लांब दोऱ्यांस एक घरचा शब्द तयार होता. त्यांनीं या पाहुण्यास 'चिनी सोबा' म्हणावयास सुरुवात केली. आमच्या आईनें मॅगीस इंग्रजी शेवया म्हटलें, तीच ही रीत. पुढें तो चिनी सोबा तव्यावर चढला आणि 'चिनी' गळून पडलें. चिनी लोक स्वतः त्यास परतलेला गव्हाचा दोरा अशा अर्थाचें नांव देतात, तेंच आपल्याकडे चाऊमीन होऊन आलें. म्हणजे तें नांव खरें आहे. आपल्या गाड्यांवर त्यासह जें मांचुरिअन मिळतें त्याचा मांचुरियाशीं संबंध नाहीं. १९७५ च्या सुमारास मुंबईंत नेल्सन वँग यांनीं तें प्रथम केलें असें सांगतात.

माझ्या बाजूनें कायदाहि होता. ओकिनावा बेटांत जो सोबा खातात तोहि निव्वळ गव्हाचा. तीं बेटें १९७२ सालीं जपानकडे परत आलीं, आणि १९७६ सालीं तेथील व्यापारनियंत्रक आयोगानें बजावलें कीं, ज्यांत कुट्टूचें पीठ निदान शेंकडा तीस नाहीं त्यास सोबा म्हणतां येणार नाहीं. ओकिनावाच्या लोकांनीं हें मुकाट्यानें ऐकून घेतलें नाहीं. आमच्या आजोबापणजोबांनीं यास सोबा म्हटलें, आमच्या तोंडचा शब्द तुम्ही कोण काढून घेणार, असा त्यांचा पक्ष. त्यांच्या शेवया करणाऱ्यांच्या संघानें दोन वर्षें खटपट केली, आणि १७ ऑक्टोबर १९७८ रोजीं 'ओकिनावा सोबा' या नांवास मान्यता मिळाली. तो दिवस तेथें अजून सोब्याचा दिवस म्हणून पाळतात. येथवर आल्यावर माझ्या लक्षांत आलें कीं, मी माझ्या बाजूचा पुरावा म्हणून जें प्रकरण काढलें त्यांत माझा पक्ष हरलेला आहे.

मग मला घरच्याच शब्दांची धास्ती वाटूं लागली. तेल म्हणजे तिळाचें. व्युत्पत्ति सांगावयासहि नको इतकी उघड आहे. आणि आम्ही शेंगदाण्याचें तेल म्हणतों, खोबऱ्याचें तेल म्हणतों, त्यांत तीळ कोठें आहे? शाई हा फारशी शब्द काळेपणाचा. मी मात्र जन्मभर लाल शाईनें विद्यार्थ्यांच्या चुका दाखवीत आलों. आणि साबुदाणा! मलाया-बेटांतल्या सागू नांवाच्या ताडासारख्या झाडाच्या गाभ्याचा तो दाणा. आज बाजारांत मिळणारा साबुदाणा तमिळनाडूंत सेलमच्या बाजूस तयार होतो, आणि तो होतो दक्षिण अमेरिकेंतून आलेल्या एका कंदाचा. आई गेलीं साठ-पासष्ट वर्षें ज्यावर एकादशी करीत आली, त्या साबुदाण्यांत साबू नाहीं. हा शोध मीं तिला सांगितलेला नाहीं व सांगणारहि नाहीं.

आमच्या साहित्यशास्त्रकारांस हा प्रश्न नवा नव्हता. मम्मटानें 'कुशल' या शब्दाचें उदाहरण घेतलें: मूळ अर्थ कुश म्हणजे दर्भ तोडून आणणारा, आणि रूढि निपुण माणसाची. म्हणून तो तेथें लक्षणा मानतो. चौदाव्या शतकांतल्या विश्वनाथानें साहित्यदर्पणांत यास हरकत घेतली. शब्द कशापासून जन्मला हें एक, आणि तो व्यवहारांत कशाच्या बळावर फिरतो हें दुसरें. पहिल्यावरून दुसऱ्यास खोटें ठरवूं नये, असें त्याचें म्हणणें. हें मीं पदवीपरीक्षेसाठीं पाठ केलें होतें. मला त्यांत पुष्कळ गुण मिळाले होते.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं मी नातीस घेऊन घाटावर गेलों. नदीस पाणी थोडें होतें. चांगदेवांच्या समाधीपाशीं सावलींत बसल्यावर मीं तिला म्हटलें, "मला याकिसोबा कसा करतात तें सांग. मला येत नाहीं." तिनें माझ्याकडे संशयानें पाहिलें, हा आणखी एक धडा तर नव्हे? मग हळूहळू सांगूं लागली. उन्हाळ्यांत देवळापुढें जत्रा भरते. दिवे असतात. मोठा लोखंडी तवा असतो. काका दोन्ही हातांत दोन उलथनीं घेऊन तव्यावर वाजवितो. तिनें तळहात दगडावर आपटून दाखविलें: टण् टण्, टण् टण्. गर्दींत तिला दिसत नाहीं, म्हणून बाबा तिला खांद्यावर घेतात. "पणजीच्या कढईचा आवाज तसाच आला," ती म्हणाली. "मला वाटलं बाबा आले."

म्हणजे तिनें शेवयांस नांव दिलेंच नव्हतें. मी तिला ज्या शब्दाचा अर्थ समजावून सांगत होतों तो तिनें उच्चारलाच नव्हता.

विषय बदलावा म्हणून मीं तिला चांगदेवांची गोष्ट सांगितली. चौदाशें वर्षें जगलेले म्हणून सांगतात ते योगी, आणि ज्ञानदेव कोंवळे पोर. ज्ञानदेवांची कीर्ति ऐकून चांगदेव त्यांना पत्र लिहावयास बसले, तों पहिल्याच शब्दाशीं अडले. वयानें लहान म्हणून चिरंजीव लिहावें, तर ज्ञानानें तो मोठा. तीर्थरूप लिहावें, तर आपल्यापुढें तें मूल. योग्य शब्द सांपडेना, तेव्हां त्यांनीं कोराच कागद पाठविला.

"कोरा?" तिनें विचारलें. "मग त्यांना कळलं?"

"कळलं. त्यांनीं पासष्ट ओव्यांचें उत्तर पाठवलं."

तिनें मान हलविली. तिच्या मतें त्यांत कांहीं विशेष नव्हतें. परत येतांना तिनें मला एक गोष्ट शिकविली. याकिसोबा पावांत घालूनहि मिळतो, आणि त्यास याकिसोबा-पान म्हणतात. 'पान' म्हणजे पाव. मला तेथल्या तेथें सांगावेसें वाटलें कीं, तुझा पान आणि आमचा पाव हे एकाच पोर्तुगीज शब्दाचे दोन मुलगे, एक नागासाकीच्या बाजूस उतरलेला व दुसरा गोव्यास. आणि तुझा याकिसोबा-पान म्हणजे आमच्या वडापावाचा मावसभाऊच. पण मीं तें जिभेवर आलेलें गिळलें, आणि "असं का?" एवढेंच म्हटलें. अध्यापकास हें किती जड जातें तें त्या व्यवसायांतले वाचक जाणतील.

त्या दिवसापासून आईनें तो शब्द उचलला. तिच्या तोंडीं तो 'याकसोबा' झाला. 'इ'कार गोदावरींत गेला. "आज तुझा याकसोबा करूं का ग?" असें ती रोज विचारी; काल केला होता हें तिच्या लक्षांत नसे, आणि पोर तर रोजच हो म्हणे. सलग नऊ दिवस आम्ही तो खाल्ला. शेवटीं कोबीविषयींचा आईचा आकसहि गेला. दोघी चुलीपुढें बसत, कढई वाजवीत, आणि काय बोलत कोण जाणे. एकीस मराठी अर्धें येत होतें, दुसरीस अर्धें आठवत होतें.

मायलेकी परत गेल्या. श्रावणापासून आईची स्मृति अधिकच उतरली. मला ती पुष्कळदां माझ्या मामांच्या नांवानें हांक मारते, आणि मी ओ देतों. मात्र डब्यांत उरलेल्या शेवया पणतीस पाठवावयाच्या आहेत, हें ती विसरली नाहीं. रोज विचारी. अखेर गणपतीनंतर मीं त्या नीट बांधल्या. आई शेजारीं बसून होती. "आंत चिठ्ठी घाल," ती म्हणाली, "नाहींतर तिला कळायचं नाहीं काय आहे तें. लिही, याकसोबा." माझी लेखणी क्षणभर अडली. मग तिनें सांगितलें तसेंच, ऱ्हस्व 'इ'काराशिवाय, मोठ्या अक्षरांत लिहिलें. टपालकचेरींत परदेशी पार्सलाच्या कागदावर आंतील वस्तूचें वर्णन लिहावें लागतें. तेथें मीं इंग्रजींत 'गव्हाचे वाळविलेले नूडल्स' असें लिहिलें. मागें रांग होती.

पंधरवड्यानें योकोहामाहून फोन आला. नात थेट पणजीशींच बोलूं लागली. कन्या तिला हल्लीं देवनागरी शिकवीत आहे. त्याचा पहिला उपयोग तिनें काय केला असेल तो वाचकांनीं ऐकावा. "पणजी, तुम्ही चुकीचं लिहिलंय," ती म्हणाली. "याक नाही. या-कि. म्हण, या-कि-सो-बा."

मला घाम फुटला. परंतु आई मनापासून हंसली. तिनें आज्ञाधारक विद्यार्थ्याप्रमाणें एकेक अक्षर म्हटलें, तें पुन्हा चुकलें, पुन्हा म्हटलें. मग तिच्या चेहऱ्यावरून कांहींतरी सरकलें. पोर जवळच कोठें तरी आहे, गाडीनें येत आहे, असें तिला वाटलें असावें. "बरं, ते राहूं दे," ती फोनांत म्हणाली, "कितीच्या गाडीनें येतेस तें सांग. टेसनावर कोणाला तरी पाठवतें."

मीं तिच्या हातांतून फोन घेतला नाहीं. पलीकडून नात सांगूं लागली कीं, गाडी नाहीं, विमान असतं. "हो हो," आई म्हणाली, "पण टेसनावरच उतर. तिथं बाळ येईल."